आमची वाटचाल : एका लॅशला एकच

पापणीच्या केसांना, म्हणजे लॅशना, कृत्रिम केस चिकटवून त्या लांब-दाट करायच्या, हे आमचं काम. आमच्याकडे क्लस्टर, म्हणजे तयार झुबके, लावून मिळत नाहीत. अशी पाटी आमच्या दारावर आहे. बऱ्याच जणींना ती उद्धट वाटते, पण काढायचा विचार नाही. ती का लागली तेच सांगायचंय. बाकीची वाटचाल चार ओळींत संपते.

सुरुवात पुण्यात डहाणूकर कॉलनीत, एका काकूंच्या पार्लरच्या मागच्या खोलीत. थ्रेडिंगच्या खुर्च्यांमागे पडदा, पडद्यामागे फेशियलचा बेड, रिंग लाइट आणि माझा सामानाचा डबा. काकू भाडं घ्यायच्या नाहीत, टक्का घ्यायच्या. "डोळ्याला काही होणार नाही ना हो?" असं गिऱ्हाइकाने मला विचारलं, तरी उत्तर काकूच द्यायच्या. पुढे कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत स्वतःचा गाळा घेतला, दोन बेड टाकले. ती वर्षं बरी गेली.

सामानाबद्दल मात्र मी हावरट आहे. डाव्या हातात आयसोलेशनचा, म्हणजे एकेक लॅश वेगळी काढायचा, सरळ चिमटा. उजव्यात व्हॉल्यूमचा वाकडा, म्हणजे बारीक केसांचा पंख्यासारखा पसरलेला गुच्छ धरायचा. त्या गुच्छाला फॅन म्हणतात. विकत घेताना टोकं मिटायची आणि उजेडासमोर धरायची. मध्ये फट दिसली तर तो व्हॉल्यूमला निरुपयोगी, कितीही महागाचा असो. आणि चिमटा एकदा टोकावर फरशीवर पडला की संपला. माझा पहिला आयसोलेशनचा चिमटा अजून चालू आहे. त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

ग्लूचं म्हणाल तर तो सायनोअॅक्रिलेट, हवेतल्या ओलाव्यानेच पकडतो. हवा साधारण ४० ते ६० टक्के दमट असेल तोवर तो शहाण्यासारखा वागतो. पुण्यात तसे महिने किती? एप्रिलच्या दुपारी तो सुकता सुकत नाही. जुलैत त्याच कंपनीची बाटली फॅन जागेवर टेकायच्या आत आवळून टाकते, आणि असं घाईने सुकलेलं काम आठवड्यात गळायला लागतं. म्हणून दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर भिंतीवर आणि डीह्युमिडिफायर कोपऱ्यात. जेड स्टोनवरचा (ग्लू काढून ठेवायचा दगड) थेंब वीसेक मिनिटांनी बदलायचा. उरला म्हणून ओढत बसायचं नाही.

आता समोरच्या दुकानाकडे येते.

तुळशीची लग्नं लागली, सीझन तोंडावर आला आणि आमच्या बरोबर समोर बोर्ड झळकला : 'मेगा व्हॉल्यूम फक्त ९९९'. जाणकारांना यातली गोम सांगायला नको. फॅन हाताने करून, एकेक लॅश वेगळी काढून मेगा व्हॉल्यूम, म्हणजे सगळ्यात भरगच्च सेट, करायचा तर तीन तास कुठे गेले नाहीत. समोर पाऊण तासात मुलगी बाहेर! कारण तिथे गाठीचे तयार झुबके होते, एकेक झुबका चार-पाच लॅशवर मिळून बसवलेला. आपली प्रत्येक लॅश आपापल्या वेळेने वाढते आणि आपापल्या वेळेने गळते. चार जणींना एकत्र चिकटवलं की वाढणारी न वाढणारीला ओढते, आणि शेवटी मुळापासून उपटली जाते. तयार प्रोमेड फॅनला माझा विरोध नाही, तो एकाच लॅशवर बसवला आणि वजन झेपणारं असलं तर. पण झुबका म्हणजे फॅन नव्हे.

माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी आमच्या गिऱ्हाइकांचे नंबर घेऊन तिकडे गेली. महिनाभरात कुजबुज सुरू झाली की आमच्या ग्लूने डोळे सुजतात. चोवीस तास आधी पॅच टेस्ट, म्हणजे थोडा ग्लू लावून सोसतो का ते, बघितल्याशिवाय मी कोणाला बेडवर घेत नाही, आणि माझ्याबद्दल हे! डिसेंबरच्या मुहूर्तांच्या नवऱ्या एकामागून एक रद्द झाल्या. एक बेड विकला, पाटल्या गहाण टाकल्या. काकूसुद्धा म्हणाल्या, "लाव की तूही झुबके, कोणाला कळतंय?" काकूंशी मी त्यानंतर बराच काळ बोलले नाही. २०२० मध्ये सगळ्यांचीच दुकानं बंद झाली तेव्हा मला इतका त्रास झाला नव्हता, कारण तेव्हा समोर कोणी उघडं नव्हतं.

त्या दिवसांत नेमाने येणारी एकच. एका हॉस्पिटलात नर्स. नाइट ड्यूटी संपवून थेट यायची, डोळ्याखाली जेल पॅच लावेपर्यंत बोलायची आणि पहिल्या दहा लॅशमध्ये घोरायला लागायची. तिला चष्मा, शिवाय मास्कची वाफ सरळ पापणीवर. म्हणून तिला कधी ११ मिमीच्या वर नेलं नाही. वळण सी कर्लचं, सेट हायब्रिड (थोडे एकेरी केस, थोडे फॅन), आतल्या कोपऱ्याला ८ मिमी. लांब लॅश काचेला घासली की दिवसभर डोळा मिचकावत राहावं लागतं. समोरच्यांनी तिलाही फोन केला होता. ती म्हणाली, "मला तिथे झोप लागणार नाही." पुढे तिने वॉर्डातल्या मैत्रिणी आणल्या, आणि दुकानाचं भाडं त्यांच्यावर निघालं.

फेब्रुवारीत समोरचीच गिऱ्हाइकं आमच्याकडे रिमूव्हलला यायला लागली. एकीचं लग्न परवावर होतं. क्रीम रिमूव्हर लावून झुबके सोडवले, तर खाली उजव्या डोळ्याला मधोमध मोकळी जागा, कडेने खुंट. आईचा हट्ट की आजच नवीन लावून द्या, पैसे दुप्पट घ्या. मी नाही लावले. ज्या लॅशला स्वतःचं वजन झेपत नाही तिच्यावर ०.०३ मिमी जाडीचा केससुद्धा नको. आई रागाने चिडून गेली. मुलगी मात्र लॅश पूर्ण वाढल्यावर परत आली. पाटी मी त्यांना नाही म्हटलं त्याच संध्याकाळी लिहून घेतली.

समोर आता मोबाइल कव्हरांचं दुकान आहे. मला आनंद झाला नाही, असं लिहिणार नाही.

आता कोणी विचारलं नाही तरी सांगते. फोटो दाखवून 'हेच हवं' म्हणू नका, आधी आपली लॅश बघू द्या. धट्टीकट्टी असेल तर क्लासिक, म्हणजे एका लॅशला एकच केस, ०.१५ मिमी जाडीचा. बारीक असेल तर ०.१०, नाहीतर ०.०५ किंवा ०.०७ चे हलके फॅन. लांबी आपल्यापेक्षा दोन-तीन मिमी जास्त, बस. डोळ्याचा बाहेरचा कोपरा खाली उतरता असेल तर कॅट आय (बाहेरच्या कोपऱ्याकडे लांब होत जाणारा सेट) मागू नका, तो आणखी उतरलेला दिसतो. पापणी वरच्या कातडीखाली झाकलेली असेल तर एल कर्ल, म्हणजे मुळाशी सरळ आणि मग एकदम वर वळणारा, सी त्यात हरवतो. केसांच्या ट्रेवर 'मिंक' (एका प्राण्याची लव) लिहिलंय म्हणून जैन घरातल्या मुली बिचकतात. बहुतेक ट्रेमध्ये पीबीटी असतं, म्हणजे प्लॅस्टिकचाच धागा. 'सिल्क'ही तेच. जास्तीचे पैसे नावाचे.

नवरी मुलींनी हळदीला पापणीजवळ तेल येऊ देऊ नये, दिवाळीच्या अभ्यंगालाही हेच. मुंडावळ्या बांधणारीला मोती डोळ्यावर येऊ देऊ नको म्हणून सांगून ठेवा. होमाच्या धुराने डोळे चोळायचे नाहीत, टिपायचे. रिफिल, म्हणजे गळलेल्यांच्या जागी नवे, दोन-तीन आठवड्यांनी. निम्म्याहून कमी उरले असतील तर तो नवीन सेट, त्याचे पैसे नव्या सेटचेच. यावर घासाघीस होत नाही.

शिकायला मुली येतात. आधी स्पंजवर, मग डमीवर, आणि आयसोलेशन जमेपर्यंत ग्लूची बाटली हातात मिळत नाही. अर्ध्या कंटाळून जातात. दोन दिवसांत सर्टिफिकेट देणारे क्लास पुण्यात पुष्कळ आहेत, घाई असेल त्यांनी तिकडे जावं.