हरिहर उतरताना

नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबक डोंगररांगेत असलेल्या हरिहर किल्ल्याविषयी बोलणारे बहुतेक जण तो चढण्याविषयीच बोलतात. छायाचित्रेही चढणाऱ्यांचीच असतात. माझ्या मते मात्र हा किल्ला कळतो तो उतरताना, आणि सोबत कोण आहे हेही तेव्हाच कळते.

चढण्यात एक सोय आहे. पायथ्याच्या हर्षेवाडीहून या किंवा निरगुडपाड्याहून, माचीवर, म्हणजे कातळकड्याखालच्या सपाटीवर, पोहोचल्यावर समोर कातळात कोरलेला तो जवळजवळ उभा जिना येतो. एका वेळी एकच माणूस चढेल एवढीच त्याची रुंदी आहे, पण प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंनी हाताची बोटे रुतवण्यासाठी खोबणी केलेल्या आहेत आणि असंख्य हातांनी त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. अलंग-मदनसारख्या किल्ल्यांच्या वाटा इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या. 1818 साली हरिहर त्यांच्या ताब्यात गेला, तरी हा जिना मात्र वाचला, हे आपले नशीबच म्हणायचे. चढताना तोंड कातळाकडे असते, दरी पाठीशी राहते आणि डोळ्यांसमोर फक्त पुढच्या मित्राच्या बुटांच्या टाचा दिसतात. दरवाजा ओलांडून, वाकून चालावे लागणाऱ्या कोरीव वाटेने आणि पुन्हा पायऱ्यांनी वर गेले की मारुती, तळे, दगडी कोठार आणि स्वच्छ हवा असेल तर ब्रह्मगिरी, असे सारे यथास्थित भेटते.

उतरताना ही सोय संपते. तोंड कातळाकडेच ठेवावे लागते, परंतु आता पाय कुठे पडणार ते दिसत नाही आणि पाहायला मान वळवावी, तर नजर पायरीवर न थांबता थेट दरीत जाते. अशा वेळी खालचा मित्र आपले डोळे होतो. "डावा पाय सोड, अजून थोडा खाली, हां, आता टेक," एवढ्याच वाक्यांवर आपण बिनतक्रार भरवसा ठेवतो. एरवी कट्ट्यावर शब्दाशब्दाला टोमणा मारणारा हा गृहस्थ त्या अर्ध्या तासात एकही विनोद करत नाही. खोबणीत बोटे घातली की आत साचलेले गार पाणी आणि बारीक खडे लागतात. रविवार असेल तर खालून चढणाऱ्यांचा लोंढा येतो आणि बाजूला सरायला जागाच नसल्याने दरवाजापाशी निमूटपणे थांबून राहावे लागते.

यात एक शिष्टाचार मला फार आवडतो. आमच्यात कुणाला दृष्टिभय, म्हणजे उंचावरून खाली पाहण्याची भीती, आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, पण ते कुणी उच्चारत नाही. चढताना कुणीतरी सहज म्हणतो, "तू पुढे हो, मला मागून फोटो काढायचे आहेत." उतरताना तोच म्हणतो, "मी आधी उतरतो, खालून फोटो चांगले येतात." अशा रीतीने घाबरणारा आपोआप मधोमध येतो आणि त्याच्या खाली, जिथे हवा तिथेच, एक सावध माणूस असतो.

माचीवर पाय टेकल्यावर टोमणे लगेच पूर्ववत सुरू होतात. फोटो मागितले तर त्या छायाचित्रकाराच्या मोबाइलमध्ये जिन्यावरचा एकही सापडत नाही. दोन्ही हात खोबणीत अडकलेले असताना तो ते काढणार तरी कसे?