ड्रायव्हर आषाढातच

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या एडिटिंगच्या मशीनवर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (विंडोज आणि कार्ड यांना जोडणारं सॉफ्टवेअर) बदलणं बंद, ते थेट आषाढी एकादशीपर्यंत. मधल्या काळात नवी आवृत्ती आल्याची सूचना कितीदाही येवो, मी ती बंद करते. आमचा स्टुडिओ सांगलीत आहे. शूट नवरा करतो, एडिटिंग माझ्याकडे. सीझनमध्ये एका लग्नाचं हायलाइट एक्स्पोर्टला लागलेलं असतं, दुसऱ्याचा डेटा कॉपी होत असतो आणि तिसरी पार्टी फोनवर असते. चालत्या मशीनला हात लावायची ती वेळ नव्हे. चातुर्मासात काढीव मुहूर्तांची लग्नं होतात, पण तुरळक. ड्रायव्हर, बॅकअप, मशीनची साफसफाई हे सगळं मी तेव्हाच काढते.

कार्डावर किती काही अवलंबून असतं ते हळदीच्या रात्रीच्या फुटेजवरून कळतं. मंडपात पिवळे हॅलोजन, स्टेजवर रंग बदलणारे एलईडी, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) वर चढवलेला. त्यावर चित्रातले दाणे घालवणारं टेम्पोरल नॉइज रिडक्शन लावलं की रिझॉल्व्ह हे माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर पुढच्या-मागच्या फ्रेम एकमेकींशी ताडून बघतं आणि तो सगळा हिशेब कार्डावर पडतो. कार्डाकडून उत्तर यायला विंडोज साधारण दोन सेकंद थांबतं. नाही आलं तर कार्ड अडकलंय असं धरून ड्रायव्हर रीसेट करतं. स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत येते, पण एक्स्पोर्ट गेलेलं असतं. अशा वेळी पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. खरं तर व्हीआरएएम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरलेली असू शकते, ओव्हरक्लॉक (कार्ड ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं) जास्त झालेलं असू शकतं किंवा पॉवर सप्लाय कमी पडत असतो. ते तपासल्याशिवाय नवा ड्रायव्हर टाकला तर मूळ दुखणं तसंच राहतं आणि शोधायला आणखी अवघड होतं.

ओळखीचे बरेच फोटोग्राफर ‘टाइमलाइन अडकतेय, ड्रायव्हर अपडेट करू का?’ असं विचारतात. मी आधी विचारते, क्लिप कोणती आहे? हल्लीचे बरेच कॅमेरे एच.२६५ या व्हिडिओच्या प्रकारात १० बिट ४:२:२, म्हणजे रंगांचा जास्त तपशील ठेवणारं फुटेज, रेकॉर्ड करतात. हे फुटेज हार्डवेअरवर उलगडायची सोय एनव्हिडियाच्या कार्डांत आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला ते ११व्या पिढीपासून जमतं. म्हणजे आरटीएक्स ३०६० किंवा ४०६० असेल तर कुठलाही ड्रायव्हर टाका, ती सोय मिळणार नाही, कारण चिपमध्येच ती नाही. तिथे प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, बनवा. संध्याकाळी प्रॉक्सीला लावलं की सकाळी टाइमलाइन पाण्यासारखी चालते.

अपडेटला माझ्या लेखी कारण लागतं. रिझॉल्व्हच्या नव्या आवृत्तीला वरचा ड्रायव्हर हवा असेल, किंवा मला छळणारी अडचण रिलीज नोट्समध्ये ‘दुरुस्त’ म्हणून आली असेल, तर ते कारण. त्या नोट्स वाचताना मी आधी अजून न सुटलेल्या अडचणींची यादी बघते, मग दुरुस्त झालेल्यांची. २०२५ च्या सुरुवातीला याचा फार उपयोग झाला. जानेवारीत आरटीएक्स ५० मालिकेसोबत एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ५७२ ची शाखा (एकाच आकड्याने सुरू होणाऱ्या आवृत्त्या) आली आणि काळ्या स्क्रीनच्या तक्रारी सुरू झाल्या, जुन्या कार्डांवरसुद्धा. काही गेमच्या निर्मात्यांनीच खेळाडूंना डिसेंबर २०२४ च्या ५६६.३६ वर परत जायला सांगितलं. एप्रिलमध्ये ५७६.०२ आला, दुरुस्त्यांची लांबलचक यादी घेऊन. पण मशीन स्लीपमधून उठलं की तापमानाचा आकडा पुढे सरकतच नाही, ही नवी अडचण त्यात निघाली आणि काही दिवसांतच ५७६.१५ हा हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) काढावा लागला. त्या आकड्यावर पंख्याचा वेग ठरवणारे लोक आहेत, तेव्हा ही बारीकसारीक गोष्ट नव्हती. २०१० मध्ये तर १९६.७५ हा ड्रायव्हर पंख्याच्याच गोंधळामुळे मागे घेतला गेला होता. म्हणून नवा ड्रायव्हर आला की मी काही आठवडे जाऊ देते, आणि घेताना एडिटिंगसारख्या कामांसाठीचा स्टुडिओ ड्रायव्हर घेते.

या सगळ्याला अपवाद एकच, सुरक्षेची दुरुस्ती. तिचं वेगळं पत्रक निघतं, त्यात कुठल्या शाखेत कुठल्या आवृत्तीपासून भोक बुजवलंय याचा तक्ता असतो. आपल्याच शाखेतली दुरुस्त आवृत्ती मिळत असेल तर मी भर वैशाखातही घेते, फक्त एक्स्पोर्ट रांगेत नसताना.

माझ्या भाच्याचं गणित वेगळं. तो गेम खेळतो. नवा गेम आला की त्याच दिवशी त्याला गेम रेडी ड्रायव्हर हवा असतो, आणि ते बरोबरच आहे, कारण त्या गेमसाठीचे बदल त्यातच असतात. पण त्याचं कार्ड जीटीएक्स १०६०. परवा म्हणाला, “मावशी, नवीन ड्रायव्हर माझ्या कार्डाला लागतच नाही गं, कार्ड गेलं का?” कार्ड ठणठणीत आहे. त्या पिढीचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबले. ५८० शाखेत सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत तिमाहीला मिळत राहतील. त्याला तेवढंच घ्यायला सांगितलंय.

आषाढात बसते तेव्हा आधी रिझॉल्व्हच्या प्रोजेक्ट लायब्ररीचा बॅकअप. चालू ड्रायव्हरचा इन्स्टॉलर दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवलेला असतोच, परत जायची वेळ आली तर नेट बंद असतानाही अडत नाही. मग क्लीन इन्स्टॉल, म्हणजे जुन्या सेटिंग्ज पुसून नवा बसवणं. डीडीयू (जुना ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) आणि सेफ मोड मात्र जुन्याचे अवशेष त्रास देत असतील तरच. विंडोज परस्पर स्वतःचा ड्रायव्हर बसवणार नाही, ही सेटिंगही तेव्हाच तपासून घेते.

चाचणीसाठी एका जुन्या लग्नाची छोटी टाइमलाइन जपून ठेवली आहे: हळदीचा अंधारा शॉट, नॉइज रिडक्शन, स्लो मोशन आणि वरातीतली आतषबाजी. जुन्या ड्रायव्हरवर तिच्या एक्स्पोर्टला लागलेला वेळ वहीत असतो. नव्यावर तीच टाइमलाइन लागोपाठ काही वेळा काढते, नवरीच्या शालूच्या जरीवर झूम करून दोन्ही फायली शेजारी शेजारी बघते. वेळ वाढला किंवा जरीत ठिपके दिसले, तर त्याच दुपारी जुना ड्रायव्हर परत.