पाहुण्यांसाठी बाटल्या निवडताना

भावोजींची साठी एप्रिलात फोंड्याला आमच्या घरी करायची ठरली आणि 'प्यायचं काय' हे खातं माझ्या गळ्यात पडलं. नवरा पीत नाही, दीर बिअरच्या पलीकडे जात नाहीत, आणि पुण्याची मंडळी तर "गोव्याचं जे जे असेल ते चाखवा" म्हणून हटून बसलेली. लग्न होऊन इथे आले तरी माझं माहेर पुण्याचंच. तिथे वाइन शॉपच्या जाळीतून पैसे सरकवायचे आणि कागदात गुंडाळलेली बाटली पिशवीत कोंबायची, एवढंच मी पाहिलेलं. इथल्या मोठ्या दुकानांत टोपली घेऊन कपाटांमधून निवांत फिरता येतं आणि बाईमाणसाकडे कोणी वळूनही बघत नाही.

सुरुवात फेणीपासूनच करायची होती. पर्यटकांच्या पट्ट्यातल्या दुकानांत पुढच्याच फळीवर काजूच्या, नारळाच्या आकाराच्या बाटल्या मांडलेल्या असतात. तसली एक मी उचलली तर फोंड्याच्या बाजारातला आमचा नेहमीचा दुकानदार हसला. "बाय, ती बाटली शोकेसांत दवरपाक बरी, पियेवपाक न्हय." मग त्याने आतून साध्या काचेच्या बाटल्या काढून दिल्या. वर साधं लेबल, त्यावर उत्पादकाचं नाव-गाव आणि ४२.८ टक्के अल्कोहोल.

काजूची फेणी कशी पारखायची ते सासऱ्यांकडून शिकले. त्यांचं मूळ गाव सत्तरीत, काजूच्या बागांच्या मुलखात. बोंड, म्हणजे काजूचं रसाळ फळ, झाडावरून तोडत नाहीत, आपोआप गळून पडलेलं वेचतात, कारण ते पूर्ण पिकलेलं असतं. रस काढून दोन-तीन दिवस आंबवायचा आणि भट्टीवर चढवायचा. पहिल्या धारेचं ते हुर्राक. हुर्राक पुन्हा ऊर्ध्वपातित केलं की फेणी. सासरे बाटली हलवून आधी बुडबुडे बघतात, ते किती वेळ टिकतात यावरून जोर ओळखतात. मग थेंबभर तळहातावर चोळून वास घेतात. काजूचा वास मागे राहिला पाहिजे, नुसत्या स्पिरिटचा नाही. भपकारा आला आणि पाठोपाठ काहीच उरलं नाही, तर ते बाटली बाजूला सारतात. कारण विचारलं तर उत्तर एकच, "ह्यात बोंड कुठे आहे?"

गावाकडे गर्राफांवात, म्हणजे त्या मोठ्या काचेच्या भांड्यात, ठेवलेली फेणी दुकानातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा सरस, हे सासऱ्यांचं ठाम मत. चाखल्यावर मलाही पटलं. पण आलेल्या सगळ्यांना लेबल, सील आणि उत्पादकाचं नाव दिसायला हवं होतं, म्हणून बैठकीसाठी दुकानातलीच घेतली. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नारळाच्या सुरेची, म्हणजे माडीची, फेणी निराळी, ती दक्षिण गोव्याकडची. वासाला ती सौम्य असते, म्हणून नवख्यांसाठी तिचीही एक बाटली घेतली.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चाचणी लावली. बाटल्या झाकल्या, पेल्यांखाली आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवल्या. भाचा बावीस वर्षांचा, तोही बसला. महाराष्ट्रात त्याला व्हिस्कीचा परवाना मिळायला पंचविशी गाठावी लागेल, गोव्यात एकवीस पुरे. ताई म्हणाली, "आता हा इथेच राहतो म्हणणार." पुण्याच्या मंडळींपैकी काजू फेणीच्या वासाने नाक न मुरडलेलं असं कोणी नव्हतं, तरी दुसऱ्या घोटाला बरेच जण वळले. सगळ्यात जास्त मतं पडली त्या दुकानदाराने काढून दिलेल्या साध्या बाटलीला. शोकेसवाली शेवटी आली. तिचा आकार मात्र ताईला इतका आवडला की रिकामी झाल्यावर ती धुऊन मागितली.

खरी बाजी मारली हुर्राकने. ते मार्च ते मे एवढंच मिळतं, टिकतही नाही, म्हणून वर्षभराच्या यादीत त्याचं नाव नसतं. लिम्का, लिंबू, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. उन्हाळ्यात याच्यापुढे बिअर फिकी. भावोजी ग्लास खाली ठेवायला तयार नव्हते. फेणीपेक्षा सौम्य लागतं म्हणून भराभर घेतात लोक, तेवढं सांभाळावं लागतं.

वाइनची गंमत वेगळी. आत्ये आणि काकूंनी गोव्यातली गोड 'पोर्ट' उचलली. खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातली, आंबवण चालू असतानाच ब्रँडी घालून थांबवलेली, म्हणून साखर शिल्लक राहिलेली. गोव्यातली ही त्या नावाखालची गोड लाल वाइन. जाणकार नाक मुरडतात, पण थंड करून दिलेली ही बाटली आमच्याकडे जेवणाआधीच संपली. तळलेल्या इसवणासोबत, म्हणजे सुरमईसोबत, नाशिकची शेनिन ब्लां दिली. मला तीच सगळ्यांत आवडली. ती घेताना मात्र दुकान बघून घ्या. उन्हात तापलेल्या काचेत महिनोन्महिने उभी असलेली पांढरी वाइन फुकट दिली तरी नको.

जिन आणि व्हिस्कीत मी फार वेळ घालवला नाही. गोव्यात बनणाऱ्या जिनपैकी हिमालयातल्या ज्युनिपरची 'हपुसा' घेतली, कोकम घालून बरी लागली. व्हिस्की घेतली कुंकळ्ळीच्या पॉल जॉनची. २०१२ साली ही सिंगल माल्ट आधी ब्रिटनच्या बाजारात उतरली. इथल्या उष्म्यात पिंपातली व्हिस्की स्कॉटलंडपेक्षा झपाट्याने उडते आणि लवकर मुरते. भावोजींनी ती बर्फाविना घेतली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पाच मिनिटं गप्प बसले.

निघताना जे व्हायचं तेच झालं. राहिलेली फेणी गाडीत टाकून न्यायची, भावोजी म्हणाले. मी लेबल दाखवलं, फक्त गोव्यात विक्रीसाठी. महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा वेगळा आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या उघडून बघतात. "अहो, एक बाटलीच तर," भावोजी म्हणाले. ताईने पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि बाटली परत कपाटात ठेवली. पिशवीत काजूगर आणि कोकमाचं आगळ भरलं.

उरलेलं आता दिवाळीला येतील तेव्हा. हुर्राक तोवर राहणार नाही, ते सासऱ्यांनी आधीच संपवलंय.