पाचशे रासायनिक गोळे आणि आतल्या पानावरचा एक कॉलम

पेन्सिल्व्हेनियातील एका मध्यम खपाच्या दैनिकात मी बरीच वर्षे रात्रपाळीच्या कॉपी डेस्कवर काम केले. वृत्तसंस्थांकडून आलेला मजकूर वाचायचा, त्यातील तपशील ताडून पाहायचा, पानावरच्या जागेनुसार तो कापायचा आणि त्याला मथळा द्यायचा, असे ते काम होते. बातमीवर नाव बातमीदाराचे येते, डेस्कवरच्या माणसाचे येत नाही. परंतु कोणती बातमी किती मोठी करायची हे डेस्कवर ठरते, आणि वाचकाच्या मनावर ठसा उमटतो तो पुष्कळदा मजकुराचा नव्हे, तर त्या आकाराचा. माझा राजकीय कल रिपब्लिकन पक्षाकडे आहे, ही गोष्ट मी कार्यालयात कधी लपवली नाही. बहुतेक सहकारी दुसऱ्या बाजूचे होते, तरी आमच्यात दुरावा आला नाही. २१ जून २००६ च्या रात्रीविषयी लिहिण्यापूर्वी एवढे सांगून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण त्या रात्री मी जी बाजू मांडली ती केवळ पक्षप्रेमापोटी मांडली असे काहींना तेव्हाही वाटले होते.

त्या दिवशी इराकच्या बातम्यांची रीघ लागली होती. हमदानिया येथे एका इराकी नागरिकाला ठार केल्याच्या प्रकरणात सात मरीन सैनिक आणि नौदलाचा एक वैद्यकीय कर्मचारी यांच्यावर खुनाचे आरोप ठेवण्यात आले होते. सिनेटमध्ये सैन्यमाघारीच्या ठरावांवर चर्चा चालू होती आणि मतदान दुसऱ्या दिवशी व्हायचे होते. त्यातच संध्याकाळी आमच्याच राज्याचे रिपब्लिकन सिनेटर रिक सँटोरम आणि प्रतिनिधिगृहाच्या गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष पीटर होकस्ट्रा यांनी पत्रकार परिषद घेऊन इराकमध्ये रासायनिक शस्त्रे सापडल्याचे जाहीर केले. अशी शस्त्रे सद्दाम हुसेनकडे आहेत असे सांगूनच बुश सरकारने २००३ मध्ये युद्ध पुकारले होते. सँटोरम यांची नोव्हेंबरमध्ये निवडणूक होती. त्यांचे डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी, राज्याचे कोषाध्यक्ष बॉब केसी, कित्येक महिने जनमत चाचण्यांत पुढे होते. वृत्तकक्षातील प्रत्येकाच्या डोक्यात पहिला विचार आला तो याच निवडणुकीचा.

मी मात्र आधी मूळ कागद मागवला. राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक जॉन नेग्रोपाँटे यांनी होकस्ट्रा यांना पाठवलेल्या पत्रासोबत लष्कराच्या नॅशनल ग्राउंड इंटेलिजन्स सेंटरच्या अहवालातील गोपनीयता उठवलेले मोजके मुद्दे होते. अहवाल गुप्तच राहणार होता. बाहेर आले होते ते एवढेच. तरीही ते मुद्दे कुणा उमेदवाराच्या प्रचारपत्रकातील नव्हते, सरकारी गुप्तवार्ता यंत्रणेचे होते. २००३ पासून सैन्याला मस्टर्ड किंवा सारिन ही विषारी रसायने असलेले सुमारे ५०० गोळे मिळाले आहेत, त्यांतील रसायन काळानुसार निकृष्ट झालेले आहे. १९९१ च्या आखाती युद्धापूर्वीचा असा दारूगोळा इराकमध्ये अजून शिल्लक असावा. तो काळ्या बाजारात विकला जाऊ शकतो. रसायनाची शुद्धता ते कसे बनवले, त्यात काय मिसळले आणि कसे साठवले यावर अवलंबून असते. आणि यातच एक वाक्य असे होते की, रसायने कालांतराने निकृष्ट होत असली तरी ती धोकादायक आणि प्राणघातक ठरू शकतात. या वाक्याखाली मी पेनने दोन रेघा ओढल्या.

आमच्या हाती आलेल्या वृत्तसंस्थेच्या मजकुरात सँटोरम चाचण्यांत पिछाडीवर असल्याचा उल्लेख दुसऱ्याच परिच्छेदात होता. त्यानंतर संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे होते की हे जुने गोळे आहेत आणि ज्या शस्त्रांसाठी युद्ध पुकारले गेले ती ही नव्हेत. हे म्हणणे खरेच होते, आणि ते छापायलाच हवे होते. इराकमध्ये शस्त्रांचा शोध घेणाऱ्या अमेरिकन पथकाचे प्रमुख चार्ल्स ड्युल्फर यांच्या अहवालाने ऑक्टोबर २००४ मध्येच सांगितले होते की सद्दामकडे युद्धाच्या वेळी रासायनिक शस्त्रांचे साठे नव्हते. सँटोरम यांनी पत्रकार परिषदेत जणू तो सगळा वाद निकालात निघाल्याचा सूर लावला, तो मला त्या रात्रीही पटला नव्हता. पण सिनेटरचा सूर चुकला म्हणून कागदावरचे ५०० गोळे नाहीसे होत नाहीत.

मी वृत्तसंपादिकेकडे गेलो. वीस वर्षांहून अधिक काळ या धंद्यात मुरलेली, नेकीने काम करणारी बाई. तिच्याविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. मी म्हणालो की ही बातमी पहिल्या पानावर, निदान खालच्या भागात तरी, दोन कॉलमांत लावावी आणि पत्रातील मुद्दे शब्दशः चौकटीत द्यावेत. ती म्हणाली, "निवडणूक हरत आलेल्या माणसाने माघारीच्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी पत्रकार परिषद घेतली. उद्या सकाळी आपल्या पहिल्या पानाचा फायदा कोणाला होईल, हे तुला दिसत नाही का?"

मला ते दिसत होते. परंतु त्याच खोलीत, जवळजवळ त्याच माणसांसोबत, मी २००४ च्या ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा पाहिला होता. बगदादच्या दक्षिणेला असलेल्या अल काका येथील कोठारातून सुमारे ३८० टन अतिशक्तिशाली स्फोटके नाहीशी झाल्याची बातमी २५ ऑक्टोबरला न्यूयॉर्क टाइम्सने दिली. २ नोव्हेंबरला अध्यक्षीय मतदान होते. बुश यांचे डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी जॉन केरी यांनी त्याच दिवशी ती बातमी प्रचारसभेत उचलली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या पहिल्या पानावर ती चार कॉलमी झळकली. स्फोटके अमेरिकन सैन्य पोहोचण्याआधीच हलवली गेली की नंतर, याबद्दल त्या आठवड्यात परस्परविरोधी माहिती येत होती. १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनसोबत १० एप्रिल २००३ ला तेथे गेलेल्या एनबीसीच्या चमूला ती दिसली नव्हती. पुढे मिनेसोटातील एका दूरचित्रवाणी केंद्राने १८ एप्रिलचे चित्रीकरण दाखवले, त्यात सीलबंद स्फोटके दिसत होती. त्यामुळे ती बातमी पोकळ होती असे मी म्हणणार नाही. ती पहिल्या पानाच्या योग्यतेचीच होती. पण मतदानाला आठवडा उरला असताना हिचा फायदा कोणाला होईल, असा प्रश्न त्या रात्री खोलीत एकानेही विचारला नाही.

हेच मी वृत्तसंपादिकेला सांगितले. बातमी खरी आहे का आणि वाचकाला तिचा उपयोग आहे का, हे दोन प्रश्न दोन्ही वेळा विचारू. फायदा कोणाचा हा तिसरा प्रश्न विचारायचाच असेल तर तोही दोन्ही वेळा विचारू. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की अल काका हे सरकारच्या हलगर्जीपणाचे प्रकरण होते आणि सरकारवर लक्ष ठेवणे हे आपले काम आहे. माझे उत्तर असे होते की, तीन वर्षे ५०० रासायनिक गोळे सापडत राहतात आणि सरकार त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, ही बातमीसुद्धा सरकारवर लक्ष ठेवण्याचीच आहे. बुश यांच्या व्हाइट हाउसने या शोधाचा गाजावाजा केला नव्हता. ज्या सरकारला त्यातून राजकीय लाभ व्हायला हवा होता तेच गप्प का आहे, याचे कुतूहल वाटणे हा पत्रकाराचा धर्म होता. ते कुतूहल मला आजूबाजूला दिसले नाही, आणि माध्यमांच्या पक्षपाताचा खरा पुरावा मला त्यातच दिसतो. कोणी मुद्दाम काही दडपत नव्हते. एका पक्षाच्या सोयीची वाटणारी गोष्ट पुढे खणून पाहावी, अशी इच्छाच कोणाला होत नव्हती.

शेवटी पहिले पान हमदानिया आणि सिनेटच्या चर्चेला गेले. सँटोरम यांची बातमी आतल्या पानावर एका कॉलमात बसली. मी मथळा दिला होता, "इराकमध्ये ५०० रासायनिक गोळे सापडल्याचा लष्करी अहवाल". पान सोडताना तो बदलून "शस्त्रे सापडल्याचा सँटोरम यांचा दावा" असा करण्यात आला, म्हणजे लष्कराच्या गुप्तवार्ता केंद्राने सांगितलेली गोष्ट एका उमेदवाराच्या तोंडी घातली गेली. जागा कमी पडली म्हणून मजकूर तळातून कापला, आणि त्यात धोक्याविषयीचे ते वाक्य गेले. ते ठेवावे म्हणून मी पानाची जुळणी करणाऱ्याकडे स्वतः गेलो होतो, पण शहर आवृत्तीची वेळ टळत आली होती.

दुसऱ्या रात्री कार्यालयात एका वाचक महिलेचा फोन आला आणि तो माझ्याकडे जोडण्यात आला. तिचा धाकटा भाऊ सैन्याच्या बॉम्बनाशक तुकडीत होता आणि त्याची इराकची दुसरी फेरी चालू होती. सँटोरम खरे बोलतात की खोटे याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. केसींना मत द्यायचे तिने आधीच ठरवले होते. तिने एवढेच विचारले, "तुमच्या पेपरात हे गोळे जुने आहेत असे लिहिले आहे. जुने म्हणजे निकामी का? माझा भाऊ असले गोळे रोज हाताने उचलतो." मी टेबलावरचा कागद काढून ते कापलेले वाक्य तिला वाचून दाखवले. तिने ते पुन्हा वाचायला सांगितले आणि लिहून घेतले.

त्या संभाषणानंतर मी या रसायनांविषयी मिळेल ते वाचून काढले. सारिन हे मज्जासंस्थेवर हल्ला करणारे द्रव्य आहे. ते अशुद्ध असेल तर साठवणीत लवकर खराब होते. म्हणून इराकच्या काही गोळ्यांत दोन घटक वेगवेगळे ठेवत आणि तोफेतून सुटलेला गोळा गरगर फिरू लागला की ते एकत्र होत. १५ मे २००४ ला बगदादमध्ये रस्त्याकडेला पुरलेला असाच १५५ मिलिमीटरचा गोळा फुटला, तेव्हा तो तोफेतून सुटलेला नसल्यामुळे घटक नीट मिसळले नाहीत. तरीही दोन सैनिकांना विषबाधेवर उपचार घ्यावे लागले. मस्टर्डची गोष्ट आणखी वाईट आहे. ते दशकानुदशके टिकते. पहिल्या महायुद्धातले रासायनिक गोळे बेल्जियममधल्या ईप्रच्या शेतांत आजही नांगराला लागतात आणि तिथले सैन्य ते गोळा करून नष्ट करते. मस्टर्ड अंगावर पडल्याचे लगेच कळतही नाही. काही तासांनी कातडीवर फोड येतात, डोळे आणि फुप्फुसे भाजल्यासारखी होतात. ही सगळी माहिती त्या रात्री कोणत्याही विज्ञान प्रतिनिधीला तासाभरात जमवता आली असती. आम्ही तो वेळ हे गोळे बुश यांना निर्दोष ठरवतात की नाही, यावर वाद घालण्यात घालवला. यात माझ्या बाजूचे लोकही मागे नव्हते. उजव्या विचारांच्या रेडिओवर दुसऱ्या दिवशी जो जल्लोष चालला होता, त्यात त्या गोळ्यांना हात लावणाऱ्या सैनिकाची विचारपूस मी ऐकली नाही.

नोव्हेंबरमध्ये सँटोरम सुमारे १७ टक्क्यांच्या फरकाने पडले. आमच्या पहिल्या पानाने त्यात काडीचाही फरक पडला नसता, आणि मला आजही जास्त खटकते ते हेच: ज्या परिणामाच्या धास्तीने बातमी लहान केली, तो परिणाम संभवतच नव्हता.

१४ ऑक्टोबर २०१४ ला न्यूयॉर्क टाइम्सने सी. जे. चिव्हर्स यांचा दीर्घ वृत्तान्त छापला. २००४ ते २०११ या काळात अमेरिकन आणि त्यांनी प्रशिक्षित केलेल्या इराकी सैन्याला सुमारे ५,००० रासायनिक गोळे, अग्निबाण आणि बॉम्ब सापडले होते; १७ अमेरिकन सैनिक आणि ७ इराकी पोलीस त्यांच्या संपर्कात येऊन बाधित झाले होते. जखमींना गप्प राहायला सांगितले गेले, त्यांच्यावर पुरेसे उपचार झाले नाहीत, आणि धोका किती पसरलेला आहे हे पुढे जाणाऱ्या तुकड्यांनाही नीट कळवले गेले नाही. काही महिन्यांनी त्याच दैनिकाने आणखी एक गोष्ट उघड केली की २००५ आणि २००६ मध्ये सीआयएने एका इराकी विक्रेत्याकडून सारिन भरलेले ४०० हून अधिक बोराक अग्निबाण गुपचूप विकत घेऊन नष्ट केले होते, आणि त्यांतील काहींमधले सारिन अपेक्षेपेक्षा अधिक शुद्ध निघाले. मी या दोन्ही वृत्तान्तांचे श्रेय त्या दैनिकाला मोकळ्या मनाने देतो.

त्या आठवड्यात माझ्या मताचे काही मित्र फोनवर म्हणाले की अखेर आपणच खरे ठरलो. मी त्यांना वृत्तान्त पूर्ण वाचायला सांगितले, कारण ही शस्त्रे १९९१ पूर्वीची होती आणि चालू शस्त्रनिर्मितीचा पुरावा ती नव्हती, हे त्यात स्पष्ट लिहिले होते. आपल्या बाजूच्या सोयीचा अर्धा कागद वाचायचा असेल, तर २००६ मध्ये डेस्कवर मी कशासाठी भांडलो होतो?

त्यानंतर संरक्षण मंत्री चक हेगल यांनी फेरतपासणीचा आदेश दिला. २००३ पासून ६०० हून अधिक सैनिकांनी आपल्याला रसायनांची बाधा झाल्याची शंका लष्करी डॉक्टरांकडे नोंदवली होती, हे नोव्हेंबर २०१४ मध्ये बाहेर आले, आणि २०१५ मध्ये लष्कराने अशा सैनिकांची माफी मागून त्यांच्या वैद्यकीय तपासणीची सोय केली. किती जण बाधित झाले आणि त्यांच्यावर कोण उपचार करत आहे, हा प्रश्न संरक्षण खात्याला जून २००६ मध्येच विचारता आला असता. त्यासाठी लागणारे वाक्य सरकारने स्वतःच सार्वजनिक केलेल्या कागदावर होते.