बाबांच्या बिल्ल्याचा नंबर गाडीला: पुणे आरटीओतला माझा अनुभव

आमचे बाबा एसटीत कंडक्टर होते. छातीवर पितळी बिल्ला आणि त्यावर कोरलेला नंबर. कंडक्टरचं लायसन आणि बिल्ला आरटीओच देतं, त्यामुळे पहिली गाडी घ्यायची ठरली तेव्हा तोच नंबर आरटीओतून गाडीसाठी मागून घ्यायचा, हे मी आणि माझ्या बहिणीने आधीच ठरवलं होतं. बाबांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. नंबर चार आकडी आहे, दोन जोड्यांचा. तो इथे लिहीत नाही, गाडी लगेच ओळखू येईल.

ही गोष्ट २०२४ च्या दसऱ्याच्या आधीची. त्याच वर्षी ऑगस्टअखेर राज्य सरकारने आकर्षक क्रमांकांचे, म्हणजे जादा पैसे भरून मागून घ्यायच्या नंबरांचे, दर वाढवले होते. चारचाकीसाठी ०००१ हा नंबर तीन लाखांवरून पाच लाखांवर गेला, आणि मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या मागणीच्या शहरांत सहा लाखांवर. ०००९, ००९९, ०९९९, ९९९९ आणि ०७८६ यांना अडीच लाख. त्याखाली एक लाखाची, सत्तर हजारांची अशा याद्या आहेत आणि शेवटी १८९ नंबरांची पंचवीस हजारांची यादी. आमचा नंबर या शेवटच्या यादीत निघाला. पंचवीस हजार ही आमच्यासारख्यांना लहान रक्कम नाही. गाडीच्या सीट कव्हरपासून म्युझिक सिस्टीमपर्यंत सगळं रद्द करून आम्ही ते बाजूला काढले, आणि त्यात मन मारल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. हल्ली नव्या गाडीची नोंदणी शोरूममधूनच होते आणि नंबर सिस्टीममधून आपोआप पडतो. एकदा पडला की पडला. म्हणून बुकिंगच्या दिवशीच शोरूमला सांगा की आम्ही चॉईस नंबर घेणार आहोत, पावती आणून देईपर्यंत नोंदणीची फाईल पुढे पाठवू नका. नुसतं तोंडी सांगून भागत नाही. मी बुकिंग फॉर्मवरच तसं लिहून घेतलं आणि सेल्समनला व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकून ठेवलं. दसऱ्याची गर्दी, एकेका माणसाकडे ढीगभर गाड्या, कोण काय लक्षात ठेवणार?

दुसरी गोष्ट मालिकेची, म्हणजे चार आकड्यांच्या आधी येणाऱ्या अक्षरांची. चालू मालिकेत आमचा नंबर कधीच गेला होता. नवी मालिका उघडते तेव्हा आरटीओ तसं जाहीर करतं, पेपरात बातमीही येते. मालिका चारचाकीची आहे की दुचाकीची, हे नीट वाचायचं. दुचाकीच्या मालिकेतला नंबर चारचाकीला हवा असेल तर शुल्क तिप्पट लागतं, आणि तसे अर्ज वेगळे घेतात. आमच्या नशिबाने मालिका चारचाकीचीच होती.

अर्जात क्लिष्ट असं काही नाही. नाव, पत्ता, मोबाईल, हवा असलेला नंबर, आधार आणि पॅनची झेरॉक्स, आणि आरटीओच्या नावाने काढलेला डिमांड ड्राफ्ट. गाडी माझ्या नावावर होणार होती म्हणून अर्जही माझाच. ड्राफ्ट आदल्या दिवशीच काढून ठेवा. अर्जाची वेळ दुपारी लवकर संपते आणि बँकेत ड्राफ्टवर दुसरी सही करणारा साहेब नेमका तेव्हाच जेवायला गेलेला असतो.

संगम पुलाजवळच्या आरटीओच्या फाटकापाशीच एकाने हटकलं. कोणता नंबर पाहिजे, आतून करून देतो, वरचे इतके द्या. मी नको म्हणून सरळ आत गेलो. आत खिडकीवरच्या बाईंनी ड्राफ्टवरची रक्कम, नाव, तारीख बोट ठेवून वाचली, मग अर्ज घेतला आणि संध्याकाळी बोर्डावरची यादी बघून जा म्हणाल्या. यात ‘आतून’ करण्यासारखं काही नसतंच. एका नंबराला एकच अर्ज आला तर नंबर तुमचा. जास्त आले तर लिलाव. मधल्या माणसाला पैसे द्यायची काहीच गरज नाही.

संध्याकाळी यादी लागली आणि आमच्या नंबरासमोर दोन नावं होती.

अशा वेळी दुसऱ्या दिवशी मूळ शुल्कावर आणखी किती द्यायची तयारी आहे, तेवढ्या रकमेचा वेगळा ड्राफ्ट बंद पाकिटात घालून द्यायचा. सगळ्या अर्जदारांसमोर पाकिटं उघडतात. ज्याचा आकडा मोठा, त्याचा नंबर. बोली एकदाच, समोरच्याचा आकडा ऐकून वाढवता येत नाही. ज्याला नंबर मिळत नाही त्याचे ड्राफ्ट परत मिळतात.

त्या रात्री बहीण आणि मी बराच वेळ फोनवर होतो. समोरचा कोण, त्याला हा नंबर कशासाठी हवा, काहीच माहीत नाही. तिचं म्हणणं, समोरचा काय भरेल याचा अंदाज बांधत बसू नकोस. आपल्याला या नंबरासाठी जास्तीत जास्त किती परवडतं ते ठरव आणि तेवढाच ड्राफ्ट काढ. मिळाला नाही तर आपण याहून जास्त देऊच शकत नव्हतो, एवढं तरी समाधान राहील. मला हे मनापासून पटलं. एकवीस हजार ठरले, निम्मे तिचे.

पाकिटं उघडताना खोलीत बरीच माणसं होती. वेगवेगळ्या नंबरांसाठी आलेले बिल्डर, पेढीवाले, एक नवीन लग्न झालेलं जोडपं. आधीच्या एका नंबराला लाखाच्या वर बोली गेली तेव्हा माझे हात गार पडले. आमचा नंबर पुकारला. समोरच्या पाकिटातून अकरा हजारांचा ड्राफ्ट निघाला, आमच्यातून एकवीस. ते गृहस्थ माझ्याहून वयाने मोठे होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, तुम्हाला का हवा होता? मी बिल्ल्याचं सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “मग तुमच्याकडेच जायला पाहिजे होता.” दहा हजार उगाच जास्त गेले का, असं नंतर बरेच जण विचारतात. मला तसं एकदाही वाटलं नाही.

पुढचं भराभर झालं. पावती शोरूमला दिली, त्यांनी नोंदणी केली आणि प्लेट आली. प्लेटच्या बाबतीत मात्र कसलीही हौस चालत नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेटच लागते. अक्षरं ठरलेल्या मापाची, गाडीला ६५ मिलिमीटर उंचीची. डाव्या बाजूला अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली निळं आयएनडी, खाली लेझरने कोरलेला क्रमांक, आणि एकदा बसवली की तोडल्याशिवाय निघणार नाही असं स्नॅप लॉक. ४१४१ ला वळवून ‘दादा’ करायचे, २१४ चा ‘राम’ व्हायचा, ते दिवस या प्लेटने संपवले, आणि ते बरंच झालं. अपघात करून पळालेल्या गाडीचा नंबर कुणालाही एका नजरेत वाचता आला पाहिजे. आमच्या नंबराचा अर्थ घरच्यांना कळतो, तेवढं पुरे.

बाबा शोरूमला आले, प्लेट वाचली आणि बहिणीला म्हणाले, “पैसे किती गेले ते मला सांगू नका.” मग सेल्समनला बोलावून, हा माझा बिल्ला नंबर, स्वारगेट डेपो, असं तपशीलवार सांगत बसले. डिलिव्हरीचे फोटो काढायला आलेला पोरगा ताटकळला होता.

आमच्यानंतर, २०२४ च्या नोव्हेंबरपासून, ज्या नंबरांना स्पर्धा नाही ते घरबसल्या परिवहनच्या साईटवर आधारच्या ओटीपीने घेता येऊ लागले. त्यामुळे तुमचा नंबर साधा असेल तर आधी तिथे बघा. आणि नंबर मिळाल्यावर दोन कामं लगेच करा. इन्शुरन्सच्या पॉलिसीवर नंबराच्या जागी बहुतेक ‘न्यू’ एवढंच लिहिलेलं असतं, तिथे नंबर चढवून घ्या. फास्टॅग नव्या गाडीला चेसिस नंबरवर दिलेला असतो, तोही बँकेच्या अ‍ॅपमधून अपडेट करा. ही दोन्ही कामं आम्ही शोरूमच्या सोफ्यावर बसूनच उरकली आणि मगच गाडी बाहेर काढली.