आयसीसीयूतले माझे पहिले तीन महिने

जनरल वॉर्डात चार वर्षं काढल्यावर नर्स म्हणून माझी ड्युटी आयसीसीयूत, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात लागली, इथंच कोल्हापुरात. पहिल्या नाइटला दोन मॉनिटर एकदम वाजले की माझे हातपाय गार पडायचे.

दुसऱ्या आठवड्यात गडहिंग्लजकडच्या एक मावशी आल्या. वय ४२. लहानपणी रुमॅटिक फीव्हर होऊन हृदयातली मायट्रल झडप आकसलेली, आता एएफ (एट्रियल फिब्रिलेशन). यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि ठोक्यांना कसलाच ताल राहत नाही. मावशी म्हणाल्या, "बाई, छातीत कोंबडी फडफडल्यागत हुतंय."

मी मनगटावर १५ सेकंद नाडी मोजली, चारनं गुणलं आणि चार्टवर ७६ लिहिलं. वॉर्डात तशीच सवय होती. इन्चार्ज सिस्टर चार्ट बघून रागावल्या नाहीत. स्टेथोस्कोप मला मावशींच्या छातीवर ठेवायला लावला, स्वतः मनगट धरलं आणि घड्याळाचा काटा बारावर येताच म्हणाल्या, "मोज." पूर्ण एक मिनिट. माझे आले ११८, त्यांचे ८४. मधले ३४ ठोके मनगटापर्यंत पोचतच नव्हते. ठोका फार लवकर पडला की हृदयात रक्त भरायला वेळ मिळत नाही, त्यामुळं नाडी हाताला लागत नाही. माझ्या ७६ वर विसंबून डॉक्टरांनी गोळ्या तशाच चालू ठेवल्या असत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मावशींना डिगॉक्सिन, म्हणजे ठोक्यांचा वेग कमी करणारी गोळी चालू होती. ती द्यायच्या आधी छातीवर मिनिटभर ठोके मोजायचे, ६० च्या खाली असले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी द्यायची नाही. शिवाय लघवीच्या गोळीनं पोटॅशियम उतरतं आणि ते उतरलं की डिगॉक्सिन अंगावर येतं. म्हणून मळमळतंय का, जेवण नको वाटतंय का, पिवळं दिसतंय का, हे मी रोज विचारायचे.

मग ती सकाळ. साडेसहाला शेजारच्या बेडच्या मॉनिटरवर रुंद, वेगवान लाटा, थेट व्हीटीसारख्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या जीवघेण्या वेगवान तालासारख्या. मी क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची गाडी ओढत धावले. आजी बेडवर बसून उजव्या हातानं मिश्री लावत होत्या, लुगड्याच्या गाठीत लपवून आणलेली. हात हलत होता तशी लीड, म्हणजे मॉनिटरची तार हलत होती. सॅच्युरेशनची, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन दाखवणारी लाट मात्र शांतपणे आपल्या तालात चालली होती. तेव्हापासून अलार्म झाला की आधी पेशंटचा चेहरा, मग नाडी, मग पडदा. धावले त्याचं मला वाईट वाटत नाही, पुन्हाही धावेन. आजींची मिश्री मात्र मी काढून घेतली. तंबाखूनं ठोके वाढतात हे समजवायला अर्धा तास गेला आणि तो कारणी लागला.

तालमीतल्या एका २२ वर्षांच्या पोराला एसव्हीटी होती, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक सुरू होणारा वेगवान ताल, ठोके १९०. सिरिंजमध्ये फुंकायला लावून बघितलं, उतरले नाहीत. मग तो ताल तोडणारं इंजेक्शन, अडेनोसिन ६ मिलिग्रॅम. हे औषध रक्तात काही सेकंदच टिकतं, म्हणून कोपरातल्या मोठ्या शिरेतून झटक्यात द्यायचं, पाठोपाठ २० मिलि सलाईन आणि हात वर. डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका द्यायचं यंत्र, उशाशी हवंच. मी त्याला आधीच सांगितलं होतं, "दोन-चार सेकंद छातीत खड्डा पडल्यागत वाटंल, घाबरू नको, मी हात धरलाय." मॉनिटरवर रेघ सपाट झाली. त्यानं माझी बोटं अशी आवळली की अंगठी रुतली. मग एक ठोका, दुसरा, आणि ८८ वर ताल बसला. हे आधी न सांगता इंजेक्शन देणं मला क्रूर वाटतं.

मावशींच्या सुट्टीच्या दिवशी मी सगळ्यात जास्त वेळ वॉरफेरिनवर, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर घालवला. रोज ठरल्या वेळी गोळी, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) २ ते ३ मध्ये. पालेभाजी बंद करायची नाही, पण आठवडाभर काहीच नाही आणि मग एकदम मेथीची पेंडी, असंही नाही. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची नाही, रक्तस्राव होऊ शकतो. हिरड्यांतून रक्त आलं, शौचाला काळं झालं तर लगेच यायचं. मावशींची आठवीतली लेक सगळं वहीत उतरवून घेत होती.

महिन्याभरानं दोघी तपासणीला आल्या, आयएनआर २.४. लेकीनं वही पुढं केली. रोजच्या गोळीपुढं टिक, एका रविवारी फुली आणि शेजारी लिहिलेलं, "जत्रेला गेलो, विसरलो." मी मावशींच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि दुसरीकडं लेकीला मनगट धरायला सांगितलं. माझे ८६, तिचे ८१.