अनसीन पॅसेज आणि आजोबांचे प्रश्न

आमच्या घरात बोलणं कोंकणी आणि वाचणं मराठी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या पुष्कळ घरांत असंच असतं. गावच्या सरकारी शाळेत चौथीपर्यंत मराठीतून शिकले, आणि पाचवीला हायस्कूलात गेले तेव्हा गणित, विज्ञान, इतिहास, सगळंच इंग्रजीतून समोर आलं. इंग्रजी त्याआधीही एक विषय म्हणून होतं. पण इंग्रजीची कविता म्हणणं वेगळं आणि इंग्रजीतून जलचक्र समजून घेणं वेगळं. आम्ही मुलांनी त्यावर एकच उपाय काढला होता, पाठांतर. प्रश्नोत्तरं वहीत उतरवून घ्यायची, घोकायची आणि पेपरात जशीच्या तशी लिहायची. नववीपर्यंत ते निभावलं.

अडलं ते अनसीन पॅसेजपाशी. पुस्तकात नसलेला उतारा, म्हणजे पाठ करायला हातात काहीच नाही. २०१८ साली मी दहावीत गेले आणि जुलैतल्या टेस्टला वाचनाच्या भागात दहापैकी तीन गुण मिळाले. त्यातली एक चूक मला अजून स्पष्ट आठवते. उताऱ्यात वाक्य होतं: ‘द व्हिलेजर्स डिड नॉट रिटर्न अन्टिल द रेन स्टॉप्ड.’ मी लिहिलं की गावकरी परतलेच नाहीत. ‘डिड नॉट’ दिसलं आणि मी तिथेच थांबले. पाऊस थांबल्यावर ते परतले, हा त्या वाक्याचा खरा अर्थ. तो माझ्या उत्तरात उलटा झाला होता.

पेपर परत देताना वर्गासमोर एक वाक्य ऐकावं लागलं: ‘मराठी शाळेतून आलेल्या मुलांना वाचायची सवयच नसते.’ त्या वाक्याने मला गुणांपेक्षा जास्त दुखावलं, कारण ते खरं नव्हतं. आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यापासून रोज संध्याकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवायची. पहिल्या पानापासून मृत्युवार्तांपर्यंत. आणि आजोबा नुसतं ऐकून घेणारे नव्हते. मध्येच थांबवायचे: ‘कोणें सांगलें?’ ‘केन्ना?’ ‘कित्याक?’ म्हणजे कोणी सांगितलं, केव्हा, कशासाठी. एखाद्या पुढाऱ्याबद्दल मी काही म्हटलं की लगेच, ‘तुका कशें कळ्ळें?’, तुला कसं कळलं? मग बातमीतली ती ओळ शोधून पुन्हा वाचावी लागायची.

हे सगळं माझ्या चुलत बहिणीला माहीत होतं. ताई तेव्हा साखळीच्या सरकारी कॉलेजात बीए करत होती. तिने माझा पेपर पाहिला, मग माझी सरावाची वही पाहिली. वहीत प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर मी पेन्सिलीने मराठी शब्द लिहिलेला होता. एकही शब्द सोडलेला नव्हता. ताईने एका वाक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘यात कोणी काय केलं ते सांग.’ सगळे शब्द माहीत असून मला सांगता येईना. ती म्हणाली, ‘आजोबांना वाचून दाखवतेस तेव्हा कुठे शब्दांवर शब्द लिहितेस? तेच इथे कर. पूर्णविरामापर्यंत वाच, पान हाताने झाक आणि कोंकणीत सांग काय झालं.’

पहिले आठ दिवस फार कठीण गेले. पान झाकलं की डोकं रिकामं. पण त्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. इंग्रजीत कर्त्याच्या मागोमाग क्रियापद येतं, आपल्याकडे ते वाक्याच्या शेवटी. मी प्रत्येक वाक्य शेवटाकडून उलटं फिरवून मराठी करायला बघत होते आणि तेवढ्यात सुरुवात विसरत होते. ज्या क्रमाने येतं त्याच क्रमाने घ्यायचं, आधी कोण, मग काय केलं, मग कुठे आणि केव्हा, एवढं जमायला लागलं तशी वाक्यं डोक्यात राहू लागली.

मग ऑगस्ट आला. १४ ऑगस्टला म्हादई जलतंटा लवादाचा निवाडा, म्हणजे म्हादई नदीचं पाणी कोणत्या राज्याला किती याचा निर्णय, आला आणि आमच्या भागात दुसरा विषयच उरला नाही. आमची शेतं, कुळागरं म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, विहिरी, सगळं त्या नदीच्या आधारावर. आजोबांसाठी ‘नवप्रभा’ यायचाच. ताईने त्याच्यासोबत ‘नवहिंद टाइम्स’ आणायला सांगितला. एकाच घरातून निघणारी ही दोन वर्तमानपत्रं, एक मराठी, एक इंग्रजी. आधी मराठी बातमी आजोबांना वाचून दाखवायची, मग त्याच विषयावरची इंग्रजी बातमी स्वतः वाचायची, असा नेम ठरला.

माझ्या सगळ्या सरावातला हा सर्वांत मोलाचा भाग. इंग्रजीत ‘ट्रायब्युनल’चं ‘अवॉर्ड’ असं छापलेलं होतं. मला अवॉर्ड म्हणजे बक्षीस एवढंच माहीत. एरवी मी शब्दाच्या डोक्यावर ‘बक्षीस’ लिहून मोकळी झाले असते आणि कर्नाटकाला कसलं बक्षीस मिळालं म्हणून अडून बसले असते. पण मराठीत नुकताच ‘निवाडा’ वाचला होता. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३, हे आकडे दोन्हीकडे सारखे. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट हेही मराठीतून कळलेलं. आकडे, गावांची आणि नद्यांची नावं हे खांब धरून मी इंग्रजी बातमीत चालत गेले, आणि मधल्या अनोळखी शब्दांचे अर्थ आपोआप उलगडत गेले. त्या दिवसांत डिक्शनरी शेवटी उघडायची, आधी आसपासच्या वाक्यांवरून अंदाज बांधायचा, ही सवय लागली. परीक्षेत डिक्शनरी नसतेच, तेव्हा तीच उपयोगी.

लांब वाक्यं मात्र चकवत राहिली. ‘द रिव्हर व्हिच राइझेस इन कर्नाटक फ्लोज थ्रू गोवा.’ यात दोन क्रियापदं, मग नदीने नक्की केलं काय? ताईने ‘व्हिच’पासून ‘कर्नाटक’पर्यंत पेन्सिलीने कंस घातला. कंसातलं वगळून वाच म्हणाली. ‘द रिव्हर फ्लोज थ्रू गोवा.’ कंसातलं नंतर जोडायचं: जी नदी कर्नाटकात उगम पावते, ती गोव्यातून वाहते. आपली जी-ती, जो-तोची जोडीच ही. फक्त आपण ‘जी’ पुढे आणून बसवतो आणि इंग्रजी तिला मध्ये घुसवते. दुसरी खूण बाणाची. ‘इट’, ‘दे’, ‘धिस’ दिसलं की त्यावरून मागे बाण काढायचा, ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्या शब्दापर्यंत. सुरुवातीला माझे निम्मे बाण भलतीकडे जायचे. उत्तरं का चुकत होती ते त्या बाणांवरूनच दिसायचं.

आणि जोडशब्द. हे शब्द दिसायला किरकोळ, अर्थ सगळा त्यांच्या हातात. कुळागरात पाणी शिंपताना पाटाच्या तोंडाशी मातीचं एक ढेकूळ ठेवलं की पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळतं. ‘हाऊएव्हर’ हे तसं ढेकूळ आहे. तोवर एका बाजूला चाललेलं बोलणं तिथून दुसऱ्या बाजूला वळतं. ‘ऑल्दो’ वाक्याच्या आरंभीच सांगतं की पुढे वळण येणार आहे. ‘अनलेस’मध्ये नकार लपलेला असतो, ‘हार्डली’मध्येही. ‘हार्डली’चा आणि कठीणचा काही संबंध नाही, हे कळायला मला ऑक्टोबर उजाडला. अशा शब्दांची मी वेगळी वही केली, पण शब्दापुढे अर्थ लिहिला नाही, पेपरात सापडलेलं अख्खं वाक्य लिहिलं. अजूनही मला वाटतं, शाळेत शब्दार्थांच्या लांबच लांब याद्या देण्यापेक्षा हे वीस-पंचवीस शब्द वाक्यांसकट शिकवले तर आमच्यासारख्या मुलांचा निम्मा भार उतरेल.

उत्तरं लिहिण्याचा सराव दिवाळीनंतर सुरू केला. वाचून कळलं तरी लिहिताना गुण जातात, हे तेव्हा समजलं. उताऱ्यातलं ‘आय’ उत्तरात ‘ही’ किंवा ‘शी’ करायला मी विसरायची. ‘व्हाय डिड ही गो’ असा प्रश्न आला की उत्तरातही ‘डिड’ घालायची, तिथे ‘वेन्ट’ हवं असायचं. एका शब्दाचा अर्थ देऊन उताऱ्यातला शब्द शोधायला सांगतात, तेव्हा दिलेला अर्थ नाम असेल तर शब्दही नामच हवा, क्रियापद असेल तर त्याच काळातलं क्रियापद. नुसतं हे रूप जुळवून पाहिलं तरी उत्तर बरोबर की चूक ते कळतं. आणि सापडलेली ओळ आहे तशी, तीन वाक्यांसकट उतरवायची नाही. प्रश्नाला जेवढं हवं तेवढंच.

सगळ्यांत भीती वाटायची ती ‘तुमच्या मते तो माणूस कसा होता’ अशा प्रश्नांची. उत्तर उताऱ्यात थेट लिहिलेलं नसतं. मी मनाला येईल ते लिहायची: दयाळू, शूर, प्रामाणिक. एके संध्याकाळी आजोबांनी बातमीवरून नेहमीसारखं ‘तुका कशें कळ्ळें?’ विचारलं आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. हाच तो प्रश्न. त्यानंतर ‘दयाळू’ लिहिलं की पुढे ‘बिकॉज’ घालून ती कृती लिहायचीच, जिच्यावरून मला ते कळलं. ओळ सापडत नसेल तर विशेषण बदलायचं.

जानेवारी-फेब्रुवारीत जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. आधी प्रश्नांवर एक नजर, मग उतारा न थांबता एकदा, मग पेन्सिल घेऊन दुसऱ्यांदा. प्रिलिममध्ये वाचनाचा भाग जवळजवळ पूर्ण बरोबर आला. मार्चमध्ये शिगमो, आमचा होळीच्या वेळचा सण, आला. मांडावर ढोल-ताशे सुरू झाले की अभ्यासात मन लागत नाही, म्हणून त्या दिवसांत पहाटे उठून वाचायची. रोमट, म्हणजे ढोल-ताशांची मिरवणूक, बघायला मात्र गेले. वर्षभर वाट बघायची आणि ते सोडायचं, हे मला पटलं नाही.

एप्रिलमध्ये परीक्षा. इंग्रजीच्या दिवशी उतारा समोर आल्यावर हात थरथरत होता, म्हणून पहिलं वाक्य वाचून प्रश्नपत्रिका तळहाताने झाकली आणि मनातल्या मनात कोंकणीत सांगितलं. मग दुसरं. तिसऱ्या-चौथ्या वाक्यानंतर हात काढला. दोन ठिकाणी कंस घातले, पाच बाण काढले आणि लिहायला घेतलं.

घरी आले तेव्हा आजोबा सोप्यावर बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन त्यांना आता बरं दिसत होतं, तरी त्यांनी प्रश्नपत्रिका हातात घेतली नाही. ‘सांग’ म्हणाले. मी अख्खा उतारा कोंकणीत सांगितला. ते अधूनमधून विचारत होते, मी उत्तरं देत होते. शेवटी त्यांनी विचारलं, मागीर त्या माणसाचं पुढे काय झालं?

‘ते त्यात दिलेलं नाही, आजोबा,’ मी म्हणाले. कागद उघडून बघायची गरज पडली नाही.